बोकड्या, बारा बायका आणि उभी मिरची

ट्रे भरताना दोन्ही हात कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात असतात आणि तोंड रिकामं असतं. किस्से साठायला एवढं कारण पुरतं. आमच्या रोपवाटिकेतल्या एका ट्रेला अठ्ठ्याण्णव खड्डे असतात, आणि माझा अंदाज असा की प्रत्येक ट्रेमागं एक तरी किस्सा तयार होतो. त्यातले निम्मे चारचौघांत सांगण्यासारखे नसतात. उरलेल्यांतले निम्मे माझ्यावरचे असतात, ते मी कशाला सांगू? तरीही जे उरतात, ते थोडेथोडके नाहीत.

आमचं गाव लोहाऱ्यापासून जीपनं वीसेक मिनिटांवर. बारा बायकांचा गट, एक शेडनेट, आणि नेटला लागून गटाचीच अर्धा एकर मिरची. नेटमध्ये मिरचीची रोपं करायची आणि शेतकऱ्यांना द्यायची, हे काम. गटात मी वयानं सगळ्यात लहान. पण बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेली, म्हणून सगळ्यांची 'मॅडम'. गटाच्या अध्यक्ष माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. म्हणजे नेटच्या आत मी त्यांची मॅडम आणि नेटच्या बाहेर त्यांची सून. दार ओलांडलं की हुद्दा बदलतो! शिवाय माझ्या कडेवर ओवी. तेव्हा ती सव्वा वर्षाची होती, आणि तिच्या तोंडात दिवसभरात काय काय गेलं याची यादी मी मनातल्या मनात करत असे. अजूनही करते.

*

पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेनं रोपं दिली. दोन महिन्यांनी नळदुर्गकडचे एक शेतकरी जीपमधून उतरले. छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं, वरून झाकलेलं. जीपमधल्या बायकांनी म्हणे त्यांना उठून खिडकीजवळची जागा दिली होती, लेकराला वारा लागावा म्हणून.

त्यांनी टॉवेल आत्यांच्या पुढ्यात उलगडला. आत मिरचीचं झाड! पानं सगळी वर वळून मुरडलेली, बोकडाच्या कानासारखी. आमच्याकडं या रोगाला म्हणतातच मुळी बोकड्या.

"घ्या," ते म्हणाले. "तुमचं लेकरू तुमच्या पदरात. आमच्याकडं आल्यापासनं वाढंना झालंय."

त्या आठवड्यात असे आणखी चौघं आले. गटाची मीटिंग झाली. ठरलं ते असं: आणखी एक हंगाम बघायचा. पुढच्या वर्षीच्या रोपांवर पुन्हा बोकड्या निघाला तर नेट उतरवायची, गट मोडायचा, आणि सगळ्यांनी परत दुसऱ्यांच्या रानात सोयाबीन काढायला जायचं.

हे ठरल्यावर अकरा बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी ओवीकडं बघायला लागले. ओवी कोकोपीट खात होती.

*

रोग कुठून येतो ते शोधायला मी भिंग घेऊन निघाले आणि जाऊन पोचले ती तंबाखूत!

आता माझं एक पाप इथं कबूल करते. धाराशिव जिल्ह्यात तंबाखू लावतंय कोण, असा विचार करून परीक्षेच्या वेळी मी तो धडा ऑप्शनला टाकला होता. आणि आमच्या नेटच्या शेजारी शिवआप्पांच्या रानात तंबाखूच्या सहा ओळी! आप्पांचं वय सत्तरीच्या पुढं. बैलांशी कानडीत बोलतात आणि आमच्याशी मराठीत. तंबाखू स्वतःच्या चंचीपुरती लावायची, विकायची नाही, हा त्यांचा नियम. हिवाळ्यात पानं काढून झाली की थोटकं तशीच रानात उभी. त्यांना वर्षभर फुटवे फुटत राहायचे.

"माजी तंबाखू बारमाही हाय," आप्पा अभिमानानं म्हणाले.

फुटव्यांवरची काही पानं मुरडलेली होती आणि काहींवर फिकट-गडद चट्टे. थोटकांखाली हात घातला की पांढऱ्या माशीचा लोट उठायचा. अलीकडं आमची स्वतःची मिरची. तीही आम्ही नवी रोपं तयार होईपर्यंत उभीच ठेवत होतो, तोडा मिळतोय म्हणून. थोडक्यात, रोगाला वर्षातला एक दिवससुद्धा घराबाहेर काढायचं नाही, अशी आम्ही दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून सोय केली होती!

मी नेटमध्ये फळा लावला आणि लेक्चर दिलं. रोग दोन आहेत. मुरडणारा माशीवर बसून येतो, चट्ट्यांचा हातावर बसून येतो. दोन्ही व्हायरस. डोळ्यांना दिसत नाहीत. एकदा झाड धरलं की कुठल्याच फवारणीनं मरत नाहीत. पीक जितके जास्त महिने उभं, तितक्या माशीच्या पिढ्या आणि तितकी जास्त आजारी झाडं. हंगाम लांबला की रोग लांबला.

गटातल्या रेश्माभाभी मागं बसून मन लावून ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "दिखताच नै, मरताच नै, घर भी छोडताच नै... मॅडम, ये तो मेरे देवर के माफिक हुआ!"

*

हातावर बसून येणाऱ्या रोगाची अडचण वेगळीच होती. आमच्या गटात तंबाखू मळणारे हात एकूण सहा. त्यातले दोन अध्यक्षांचे.

सुनेनं सासूला "तंबाखूचे हात धुऊन या" म्हणायचं कसं? मी तीन दिवस वाक्य जुळवत होते. शेवटी म्हटलं, "आत्या, तंबाखूच्या हातातून चट्ट्यांचा रोग रोपांना लागू शकतो."

"पंधरा वर्सं खातीया म्या. माज्या हातानं कुनी आजारी पडलं न्हाय."

मग मी दोन ट्रे घेतले आणि नेटपासून लांब, घरच्या ओट्यावर ठेवले. एका ट्रेतली रोपं मी साबणानं हात धुऊन हाताळली. दुसऱ्या ट्रेत आत्यांनी आप्पांची तंबाखू मळून, तशाच हातानं, एकेका रोपाच्या पानावर बोट फिरवलं. फिरवताना माझ्याकडं बघून हसत होत्या. खरं सांगायचं तर माझीच झोप उडाली होती. काहीच झालं नाही तर? पुस्तकातलं सगळंच काही आमच्या ओट्यावर घडत नाही.

बाराव्या-तेराव्या दिवशी आत्यांच्या ट्रेतली पानं चट्टेरी व्हायला लागली. माझा ट्रे हिरवागार! मी मनातून उडी मारली आणि चेहरा सुनेचा ठेवला.

आत्यांनी दोन्ही ट्रे वाकून बघितले. मग नळावर गेल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि परत येऊन माझ्यावरच कडाडल्या, "अन् इतके दिस पोरीला माज्या हातानं भरवू दिलंस व्हय गं?"

"आत्या, हा रोग माणसाला होत नाही."

"तुला काय ठावं? तू माणसांची डाक्टर हाईस का मिरचीची?"

*

नुसत्या साबणावर मन भरेना, म्हणून मी दुधाचा उपाय काढला. साय काढलेल्या दुधात हात बुडवून रोपं हाताळली तर हा रोग हातावरून पुढं जात नाही. हे खरं आहे, मी तीनदा वाचून खात्री केली होती. पण बारा बायका ओळीनं दुधाच्या पातेल्यात हात बुडवून नेटमध्ये शिरताहेत, हे बाहेरून कसं दिसत असेल याचा विचार मी केला नव्हता.

चार दिवसांत गावभर झालं की गटाच्या बायका मिरचीला दुधाचा अभिषेक घालतात. पाचव्या दिवशी सोनारीच्या भैरवनाथाला निघालेली एक पाहुणी वाट वाकडी करून आली. चप्पल काढली, पहिल्या ट्रेला हळदीकुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि आत्यांना हळूच विचारलं, "नवसाला पावते का?"

आत्या म्हणाल्या, "आदी हात बुडव. मंग बोल."

*

त्या पावसाळ्यापासून आम्ही अर्ध्या एकरातल्या आमच्या मिरचीवर एक काम सुरू केलं. आत्यांनी जुनी लाल साडी फाडून चिंध्या केल्या. दर सोमवारी सगळ्यांनी ओळीतून फिरायचं आणि मुरडलेलं झाड दिसलं की त्याला चिंधी बांधायची. पानं फुलकिड्यांनीही मुरडतात, म्हणून मी आधी भिंगानं बघायचे आणि मगच "बांधा" म्हणायचे. चूक होऊ नये म्हणून एकेका झाडापुढं मी इतका वेळ उभी राहायची की रेश्माभाभी विचारायच्या, "मॅडम, पेशंट के घरवालों को बुलाऊं?"

पहिल्या सोमवारी चार चिंध्या लागल्या. दसऱ्यापर्यंत कडेच्या ओळी लाल झाल्या. दिवाळीत दुसरी साडी फाडली. संक्रांतीला तिसरी! तेव्हा रेश्माभाभींनी हात जोडले, "अब मेरा शादी का जोडा मत मांगो, बस!"

फाल्गुनात बांधावर उभं राहिलं की मिरची दिसायची नाही, लालच लाल. जमीन तीच, पाणी तेच, बायका त्याच. वाढले होते ते फक्त दिवस. मला वेगळं लेक्चर द्यावं लागलं नाही. हंगाम जसजसा लांबला तसतसा रोग कसा पसरला, ते सगळ्यांनी स्वतःच्या हातानं बांधून ठेवलं होतं.

पण मी जेव्हा म्हटलं की आता ही मिरची उपटून टाकू, तेव्हा कुणी झाडाला हात लावेना. कारण आजारी झाडांवरसुद्धा अजून फुलं होती, मिरच्या लटकत होत्या. आणखी दोन महिने तोडा मिळाला असता.

आत्या म्हणाल्या, "पोटुशी बाईला कुनी घराभाईर काडतं का?"

मी एवढंच म्हटलं, "आत्या, नवी रोपं हे दोन महिने संपता संपता उगवायचीत. ती हिच्याच शेजारी वाढतील. पेरणीच्या आधी रान रिकामं राहिलं तरच माशीबरोबरचा रोग तुटेल."

"आन् न्हाय तुटला तर?"

न्हाय तुटला तर गट मोडणार होता, आणि हातची मिरची माझ्या शब्दावर गेलेली असणार होती. मी घरी जाऊन ओवीला पोळी भरवताना तिच्या ताटात दोनदा मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रानात पोचलो तर आत्या आधीच तिथं. दोन ओळींच्या मिरच्या तोडून पाटीत भरलेल्या, आणि झाडं मुळासकट उपटून बांधावर टाकलेली! माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "चुकलीस तर घरात भांडीन. रानात न्हाय."

*

आमचं रान रिकामं झालं, पण आप्पांची थोटकं उभीच होती. बारा जणी मिळून गेलो.

"बेडव्वा, बेड!" आप्पांनी दोन्ही हात हलवले. नको म्हणजे नको. "झाड जगतंय तवर जगू द्यावं."

आत्यांनी चंची काढली आणि त्यांच्यासमोर उपडी केली. "आप्पा, तुमची तंबाखू सोडली म्या. ह्या मिरचीपायी."

आप्पांना हा अपमान फारच लागला. तासभर बोलणी झाली आणि तडजोड निघाली: रानातली थोटकं काढतो, पण घरामागच्या परसात दोन ओळी आहेत, त्यांना हात लावू देणार नाही. आम्ही कबूल झालो. परस गावाच्या पलीकडं होतं.

भादव्यात आप्पांनी दोन्हीकडं नवी तंबाखू लावली. रानात मोकळ्या जमिनीत, आणि परसात त्या जुन्या थोटकांच्या मधे मधे. रोप एकाच वाफ्यातलं. पौषात रानातलं पान सुपाएवढं झालं होतं, आणि परसातलं पान मुरडून मुठीएवढं! आप्पा दोन्ही पानं घेऊन आमच्या बांधावर आले, ती शेजारीशेजारी ठेवली, आणि गेले.

आठवड्याभरानं परसातली थोटकंही गेली. पारावर कुणीतरी त्यांना विचारलं तर म्हणाले, "आमच्यात आज्यापासनं असंच करत्यात. पान काडलं की थोटूक ठेवायचं न्हाय. ह्या गटाच्या बायकास्नी म्याच तर शिकिवलं!"

*

आणि आमची रोपं?

चैत्र-वैशाखात रान उघडं पडलेलं बघून येणारा-जाणारा विचारायचा, "काय हो, गट मोडला वाटतं?" आत्या म्हणायच्या, "रान झोपलंय. जागं करू नका." मे महिन्यात पेरणी केली, जूनमध्ये रोपं दिली, आणि मी श्रावणभर फोन वाजला की दचकत राहिले. प्रत्येक अनोळखी नंबर मला टॉवेलात गुंडाळलेला वाटायचा.

पावसाळ्यात पुन्हा लावलेल्या आमच्या स्वतःच्या मिरचीत सोमवारची फेरी चालूच होती. टॉवेल घेऊन कुणी आलं नाही. दसरा झाला. दिवाळी झाली. चिंध्या लागल्या त्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या, आणि ती झाडं आम्ही त्याच दिवशी उपटली. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी मला राहवेना. मी सगळ्यांच्या मागं पुन्हा एकटी फेरी मारली, न दिसलेलं काही दिसतंय का बघायला. परत आले तर बायका बांधावर डबे सोडून बसलेल्या.

रेश्माभाभी म्हणाल्या, "मॅडम, बीमारी नै मिली तो इतना उदास क्यूं होते?"

*

यंदा रोपांना मागणी इतकी आली की आत्यांनी गटाच्या मीटिंगमध्ये एक नियम करून टाकला. मला न विचारता! ज्याला नवं रोप पाहिजे त्यानं स्वतःच्या रानातली जुनी मिरची आधी उपटायची, आणि उपटलेली झाडं मुळासकट आणून दाखवायची. मूळ दाखवा, रोप न्या. मी म्हटलं, "आत्या, असं कोण करेल? लोक दुसऱ्या नर्सरीत जातील." त्या म्हणाल्या, "जाऊ देत. आजारी घरात म्या लेक देत न्हाय."

जूनच्या पहिल्या आठवड्यात नेटच्या दाराशी रांग लागली. कुणाच्या डोक्यावर वाळकी मिरची, कुणाच्या सायकलीला बांधलेली, कुणी ट्रॅक्टरची ट्रॉलीच भरून आणलेली. आत्या दारात खुर्ची टाकून एकेक मूळ उलटंपालटं करून बघत होत्या.

त्याच गर्दीत माझे बाबा रोपं न्यायला आले. माझं माहेर उमरग्याच्या बाजूचं. बाबा मोटरसायकलवर, नातीसाठी आंबे आणि कडबोळी घेऊन, पांढरे कडक कपडे. मूळ-बिळ काही नाही. त्यांना वाटलं आपण व्याही, आपल्याला कोण विचारतंय?

आत्यांनी पदर सावरला, खुर्चीवरून उठल्या. त्यांना पाट दिला, पाणी दिलं, चहा सांगितला, ओवीला मांडीवर दिलं. पाहुणचारात तसूभर कमी नाही. मग म्हणाल्या, "व्याही, जेवून जावा. रोपं मातर मूळ दावल्याबिगर न्हाईत."

बाबा हसले. त्यांना थट्टा वाटली. आत्या हसल्या नाहीत. रांगेतली माणसं ट्रेकडं, आभाळाकडं, कुठंही बघायला लागली. बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी काय करायला पाहिजे होतं ते मला अजूनही कळलेलं नाही. मी ट्रेवर पाणी मारत राहिले. बाबांनी कप तसाच ठेवला आणि मोटरसायकलला किक मारली.

सासूनं व्याह्याला दारातून परत पाठवलं, तेही माझ्या शिक्षणापायी! आईला फोन करायची हिंमत होईना. आत्या रात्री नेहमीसारख्या जेवल्या. मी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग कालच्यापेक्षा मोठी. आणि तिच्या शेवटी बाबा. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना मिरचीची झाडं बांधलेली, मुळांना ओली माती, झाडांवर अजून हिरव्या मिरच्या. कालचाच पांढरा शर्ट कोपरापर्यंत मळलेला. पुढच्यांनी त्यांना वाट दिली तर ते म्हणाले, "नको, नंबरानं येतो." आणि अख्खी रांग सरकेपर्यंत उन्हात उभे राहिले.

नंबर आला. आत्या खाली बसून एकेक मूळ बघायला लागल्या. बाबांनी रांगेकडं एकदा वळून बघितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला आणि म्हणाले, "विहीणबाई, पोरगी माझी. शिकवली मी. आन् मलाच लाईनीत उभं करता व्हय?"

आत्यांनी शेवटचं मूळ बाजूला ठेवलं, हात दुधात बुडवले आणि पहिला ट्रे उचलून त्यांच्या हातात दिला.

"शिकवली तुमी, व्याही," त्या म्हणाल्या. "ऐकलं म्या."